भेट द्यावी, पण कोणती?



मे महिना सरत आला की आमच्या महाविद्यालयात एक कागद टेबलाटेबलावरून फिरू लागतो. वर निवृत्त होणाऱ्याचे नाव आणि खाली वर्गणीचे आकडे. हे मे महिन्यातच का, ते आपल्यातील शिक्षक मंडळींना सांगायला नको. एका पिढीतील पुष्कळांची जन्मतारीख १ जून आहे. घरी कुणाला खरी तारीख ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ठोकून दिली. आणि ज्याचा जन्म महिन्याच्या पहिल्या तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे हा आमच्याकडे शालींचा आणि नारळांचा दिवस.

वर्गणी जमली की दोघेजण बाजारात जातात आणि बहुधा भिंतीवरचे घड्याळ घेऊन येतात. एका निवृत्त मित्राच्या घरी मी अशी चार घड्याळे मोजली. त्यांतले एक चालू होते. आता घड्याळ काही वाईट वस्तू नव्हे. पण ते कसे ठरते पहा. आधी रक्कम ठरते, मग रकमेत बसणारी वस्तू ठरते. ज्याला द्यायचे त्या माणसाचा विचार झालाच तर शेवटी. खोक्यावर नाव लिहिताना म्हणा!

हे मी दुसऱ्यांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. माझ्याच हातून याहून मोठी चूक झाली आहे.

आमच्या ग्रंथालयात एक परिचर होते. सारे त्यांना मामा म्हणत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचे लग्न निघाले. मामांनी मला पुष्कळ मदत केलेली. हवे ते पुस्तक ते डोळे मिटून काढून देत. मी मोठ्या हौसेने लग्नात चांगला महागातला मिक्सर दिला. मांडवात चार लोकांनी तो पाहिला, मलाही बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

पुढच्या वर्षी माझ्या घराची वास्तुशांत झाली. मामा सपत्नीक आले आणि त्यांनी तेवढ्याच किमतीची भांडी आणली. मी म्हटले, “मामा, हे कशाला?” ते नुसते हसले. नंतर कार्यालयातल्या कारकुनाकडून कळले, की त्या महिन्यात मामांनी पतसंस्थेतून उचल घेतली होती. त्यांच्या घरच्या आहेराच्या वहीत माझे नाव आणि मिक्सर लिहिलेला होता. वहीत लिहिलेले फेडायचे, हा त्यांच्या घरचा रिवाज. म्हणजे मी मामांना दिले काय? एक मिक्सर आणि त्यावर कर्ज.

आहेराची वही आपल्याकडे घरोघर आहे, आणि तिला हसण्याचे कारण नाही. लग्नकार्यात घराला हात लागावा म्हणूनच ती आहे. मार्सेल मोस नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांचा भेटवस्तूंवर एक दीर्घ निबंध १९२५ साली प्रसिद्ध झाला. पॅसिफिक बेटांवरील आणि वायव्य अमेरिकेतील लोकांच्या चालीरीती तपासून त्यांनी दाखवले, की भेट वरवर खुशीची दिसली तरी तिच्या पोटात तीन बंधने असतात: देणे भाग, घेणे भाग आणि परत करणेही भाग. मोसांना आपली वही दाखवली असती तर त्यांनी लगेच ओळखली असती. गीतेच्या सतराव्या अध्यायातही दानाचे तीन प्रकार केले आहेत. परत उपकार व्हावा या हेतूने दिलेले दान तिथे राजस म्हटले आहे. माझा मिक्सर राजसच म्हणायचा. परतफेडीची नाही, पण वाहवाची अपेक्षा होतीच.

मग बरोबरीच्या माणसाला द्यावे तरी काय? या बाबतीत आपल्या बायकांना पुरुषांपेक्षा अधिक कळते, असे मला वाटते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण आठवा. वस्तू लहान, सगळ्यांना सारखी, आणि त्याची वही कुणी ठेवत नाही. मामलेदारीणबाईंना जे, तेच शेजारच्या गवळणीला. आता त्यात प्लॅस्टिकच्या डब्या फार झाल्या, ही गोष्ट वेगळी.

सगळ्यांना सारखे द्यायचे तेव्हा वाणाची रीत चांगली. पण एकाच माणसाला द्यायचे असेल, तर त्या माणसाच्या दिवसाकडे पाहावे लागते. कोल्हापुरी चपला द्यायच्या तर पायाचे माप ठाऊक पाहिजे. वर्षानुवर्षे शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्याचे माप आपल्याला ठाऊक असते का?

माझ्या परिचयाच्या एका प्राथमिक शिक्षकांची बदली नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या धडगाव भागात झाली. तिथे पुष्कळ मुलांच्या घरी पावरी बोलतात. पहिलीच्या वर्गात गुरुजींची मराठी मुलांना परकी आणि मुलांची बोली गुरुजींना. सहकाऱ्यांपैकी एकाने पूर्वी त्या भागात नोकरी केली होती. त्याने शंभर पानी वही घेतली आणि आठवतील तेवढे पावरी शब्द लिहून दिले. पाणी, भूक, पोट दुखते, घरी कोण आहे, उद्या ये. निरोपाला शालही होतीच. शाल कुठे गेली कोण जाणे, पण वही पहिल्या दिवसापासून टेबलावर होती, असे ते गुरुजी सांगतात.

आता ज्यांच्याशी आपला देण्याघेण्याचा व्यवहार आहे, त्यांच्याविषयी. दुकानदार नव्या वर्षाला गिऱ्हाइकाला दिनदर्शिका देतो, दिवाळीत मिठाईचा पुडा देतो. त्यात गैर काही नाही. पण आमच्या तालुक्याच्या गावी एक बी-बियाण्यांचे दुकानदार आहेत. त्यांनी एका वर्षी नेहमीच्या शेतकऱ्यांना टोप्या आणि पिशव्या न वाटता साधे प्लॅस्टिकचे पर्जन्यमापक वाटले. बांधावर खुंटीला अडकवायचे आणि रोज सकाळी किती मिलिमीटर पडला ते पाहायचे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, असे कृषी खाते सांगते. पण मापायचे कशाने? पहिल्या सरीला पेरले, पावसाने ओढ दिली, की दुबार पेरणी आली. मी त्यांना थट्टेने म्हटले, “शेठ, दुबार पेरणी टळली तर तुमचेच बियाणे कमी खपेल की!” ते म्हणाले, “सर, दुबार पेरणारा माणूस पुढच्या वर्षी उधारी मागायला येतो. मला रोखीचे गिऱ्हाईक पाहिजे.” त्यांनी स्वतःचा फायदा पाहिलाच, पण आधी गिऱ्हाइकाचे शेत पाहिले.

ज्याच्या सहीवर आपले काम अडले आहे, त्याच्या घरी दिवाळीचा पुडा पाठवण्यापूर्वी मात्र थांबावे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि भेटी घेण्यावर त्यांत मर्यादा आहेत. लाचलुचपत प्रतिबंधक कायदा १९८८चा. २०१८ साली त्यात दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही आता गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. आपण म्हणाल, मिठाईच्या पुड्याला लाच कोण म्हणतो? बरोबर आहे. पण सातबाऱ्यावरची नोंद व्हायची असताना गेलेला पुडा आणि नोंद होऊन वर्ष उलटल्यावर गेलेला पुडा, यांची चव एकच असली तरी घेणाऱ्याला फरक समजतो. प्रामाणिक माणूस असेल तर तो अवघडतो. आभारच मानायचे असतील तर काम झाल्यावर त्याच्या वरिष्ठांना पोस्टकार्ड टाकावे. फार थोडे लोक ते करतात.

गेल्या वर्षी ३१ मे रोजी मामा निवृत्त झाले. त्यांचीही जन्मतारीख १ जूनच. या वेळी मी तो कागद स्वतःकडे मागून घेतला. मामा ग्रंथालयात फाटकी पुस्तके बांधत, खळ लावून, दोऱ्याने शिवून. गावी जाऊन हेच काम करावे असे त्यांच्या मनात होते. पण बांधलेली पुस्तके दाबून ठेवायचे लोखंडी यंत्र त्यांच्याकडे नव्हते. सगळ्यांच्या वर्गणीतून आम्ही ते घेतले. कुणी किती दिले ते मामांना सांगितले नाही, आणि यादीचा कागद मी फाडून टाकला. त्यांच्या वहीत लिहायला नाव मिळू नये म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या गावी गेलो. वडिलांची जुनी ज्ञानेश्वरी बरोबर नेली होती, पाने सुटी झालेली. आठ दिवसांनी आणायला गेलो तेव्हा विचारले, “मामा, बांधणावळ किती झाली?” क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग दर सांगितला. मी पैसे मोजून दिले, त्यांनी मोजून घेतले आणि आत चहा सांगितला.