देवनगरीचा बेत
(मंडळाच्या मासिक सभेत झालेले भाषण)



डिसेंबरातील बँकॉकच्या सहलीचा बेत मी आपणांपुढे मांडावा, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली आहे. ते शहर मी दोनदा पाहिले आहे, एवढाच काय तो माझा अधिकार. सहलीसाठी चौदा जणींनी नावे दिली होती. त्यांतील तिघींनी ती गेल्या आठवड्यात मागे घेतली. कारण विचारले तेव्हा तिघींचे उत्तर एकच: “आमच्या गुडघ्यांपायी तुमचा खोळंबा नको.” हे उत्तर मला मान्य नाही. आज मी जे बोलणार आहे, ते मुख्यतः त्या तिघींना उद्देशून आहे, असे समजावे.

आपल्याकडे आलेले सहलीचे छापील पत्रक वाचून कोणीही धास्ती घेईल. एका दिवसात राजवाडा, तीन मंदिरे, रत्नांचे दुकान आणि वर रात्री नौकाविहार! असा दिवस काढला तर पंचविशीतली सूनही दुसऱ्या दिवशी अंथरूण धरील. आपला बेत आपणच आखावा, आणि तो सर्वांत सावकाश चालणारीच्या पावलाने आखावा, असे माझे मत आहे. बँकॉक हे गजबजलेले, वाहनांनी तुंबलेले शहर असले तरी अशा बेताला ते फार सोयीचे आहे. कसे, ते सांगते.

‘बँकॉक’ हे नाव परक्यांच्या तोंडचे. तेथील लोक आपल्या शहराला ‘क्रुंग थेप’ म्हणतात, म्हणजे देवनगरी. त्याचे पूर्ण नाव एका दमात म्हणता येणार नाही इतके लांब आहे, आणि इंद्राने दिलेली, विश्वकर्म्याने उभारलेली नगरी असे त्यात वर्णन आहे. त्यांची जुनी राजधानी अयुथ्या. हे नाव आपल्या अयोध्येवरूनच पडलेले. ती १७६७ साली ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. पुढे १७८२ साली पहिल्या राम राजाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठी हे शहर वसवले. त्यामुळे जुने आणि पाहण्याजोगे बरेचसे नदीकाठच्या एकाच पट्ट्यात सापडते. उतरण्याची जागा नदीजवळ किंवा रेल्वेच्या स्थानकाजवळ घेतली, की निम्मी पायपीट वाचते. पत्रकातले हॉटेल स्वस्त आहे खरे, पण ते इतके दूर आहे की वाचलेले पैसे टॅक्सीत जातील आणि सकाळ रस्त्यावर जाईल.

पहिला दिवस मी मोकळा ठेवला आहे. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे असते, आणि रात्रीचा विमानप्रवास झालेला असतो. त्या दिवशी झोप काढावी, चहा प्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच राजवाडा. डिसेंबरात हवा त्यातल्या त्यात बरी असली तरी दुपारचे ऊन आपल्या मे महिन्याची आठवण करून देते, म्हणून दुपारी जेवून खोलीवर परतायचे. राजवाड्यात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. नऊवारी, पाचवारी, पंजाबी सारे चालेल, बिनबाह्यांचे पोलके मात्र घरी ठेवा. आवारातच हिरव्या पाषाणाच्या बुद्धमूर्तीचे मंदिर आहे. मूर्ती तशी लहानशीच आहे, पण तिला उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशी तीन निराळी वस्त्रे आहेत आणि ती बदलण्याचा मान राजाचा. आपल्या विठोबाचे उपचार पाहिलेल्या बायकांना यात परके काही वाटणार नाही. मंदिराभोवतीच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर त्यांचे रामायण, ‘रामकियेन’, १७८ चित्रांत रंगवले आहे. गुडघेवाल्यांनी येथेच रमावे. सावली आहे आणि जिने नाहीत. एक सूचना आधीच देऊन ठेवते: त्यांचा मारुती ब्रह्मचारी नाही. रावणाच्या मत्स्यकन्येवर तो चक्क भाळतो. शनिवार करणाऱ्या भगिनींनी मन घट्ट करून पाहावे.

राजवाड्याबाहेर एखादा गोडबोल्या गृहस्थ भेटेल आणि “आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे नेतो” म्हणेल. तो नेतो ते दुकानात. त्याच्याकडे लक्ष न देता सरळ फाटकापर्यंत जायचे.

तिसरा दिवस वाट फो आणि वाट अरुण या दोन मंदिरांचा. वाट फोला जाण्यासाठी २०१९ साली भुयारी रेल्वेचे सनाम चाय स्थानक झाले आहे. तेथून चालणे थोडे. होडीनेही जाता येते, पण धक्का पाण्यावर हलतो आणि होडी क्षणभरच थांबते. ज्यांना तोल सांभाळण्याची काळजी वाटते त्यांनी रेल्वेनेच यावे. मंदिरात ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. त्याच्या तळपायांवर शिंपल्याच्या जडावात १०८ शुभचिन्हे कोरली आहेत. याच आवारात अंगमर्दनाची जुनी परंपरा आहे आणि १९५५ साली निघालेली शाळाही. पाय दाबून घ्यायला याहून चांगली जागा कोणती? समोरच्या तीरावर वाट अरुण. त्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत. ज्यांना हौस आहे त्यांनी होडीने पलीकडे जाऊन चढावे. उरलेल्यांनी अलीकडच्या काठावर चहा घेत बसावे. सूर्य त्या मंदिरामागे मावळतो, तेव्हा खरी शोभा याच काठावरून दिसते, चढणाऱ्यांना नव्हे.

चौथ्या दिवशी ज्यांना अयुथ्येचे भग्नावशेष पाहायचे त्यांनी आगगाडीने जावे, अंतर सुमारे ८० किलोमीटर. इतरांनी फाहुरातच्या कापडबाजारात फिरावे. ती आपल्या लोकांची पेठ आहे, गुरुद्वारा आहे, पोळीभाजी मिळते.

आता जेवणाचे, कारण सर्वांत जास्त प्रश्न त्याचेच आले. तेथे पालेभाजीतसुद्धा माशांचे पाणी घालतात, म्हणून “मांस नको” एवढे सांगून भागत नाही. शाकाहाराला तेथे ‘मांगसविरत’ म्हणतात. आपलाच ‘मांसविरती’ हा शब्द. त्याहून कडक ते ‘चे’. त्यात मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षर दिसले की ते दुकान आपले. कांदा-लसूण न खाणाऱ्या भगिनींची एवढी सोय आपल्या महाबळेश्वरच्या सहलीतही झाली नव्हती.

पाचवा दिवस शनिवार येईल असे धरले आहे, कारण चतुचकचा मोठा बाजार शनिवार-रविवारीच पुरा भरतो. सकाळी लवकर जायचे, दोन तासांत परतायचे आणि रात्रीचे विमान गाठायचे.

पारपत्राची मुदत सहा महिने शिल्लक आहे ना, हे आजच घरी जाऊन पाहा. १ मे २०२५ पासून तेथे उतरण्यापूर्वीच्या तीन दिवसांत एक प्रवेशपत्र संगणकावर भरावे लागते. त्याला फी नाही; कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आपल्या सर्वांची पत्रे मी आणि माझी भाची मिळून भरू.

तिकिटांचे पैसे पुढच्या सोमवारपर्यंत खजिनदारबाईंकडे द्यायचे आहेत. यादी माझ्याजवळ आहे, आणि तीत अजून चौदाच नावे आहेत. ती तीन मी खोडलेली नाहीत. सभा संपल्यावर त्या तिघींनी मला भेटूनच घरी जावे.