ओढ्यावरचं दळण

गढवाल-कुमाऊंच्या डोंगरात गावाखालच्या ओढ्याकडे उतरलं, की काठावर एखादी बुटकी दगडी खोली दिसते. आतून सतत घरघर येत असते. हा घराट, म्हणजे पाण्यावर चालणारी पिठाची चक्की.

याचं चाक आडवं असतं आणि ते जमिनीखाली, जोत्यात असतं. ओढ्याचं पाणी पाटानं आणून लाकडी पन्हळीतून चाकाच्या पात्यांवर जोरात सोडतात. चाकाच्या आसाबरोबर वरचा दगड फिरतो, खालचा जागच्या जागी राहतो. दगडाच्या वर दाण्याची टोपली टांगलेली असते आणि तिला बांधलेली एक काटकी फिरत्या दगडावर टेकलेली असते. दगड काटकीला हिसके देतो, टोपली हलते, दाणे पडतात. पाण्याचा जोर वाढला की हिसकेही वाढतात, म्हणून दाणे जास्त पडतात. जोर ओसरला की कमी. दगड कधी रिकामा फिरत नाही, की तुंबत नाही. ज्या कुणाला ही काटकी पहिल्यांदा सुचली, त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

गहू, मका आणि मंडुवा, म्हणजे आपली नाचणी, इथे दळली जाई. दळण सावकाश होतं, त्यामुळे पीठ तापत नाही. दळणावळ पैशांत नसे. घराटवाला पिठातलाच वाटा काढून घेई. आणि चाक फिरवून झालेलं पाणी वाया जात नसे. ते पुढे शेतात जाई, नाहीतर खालच्या घराटावर.

आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की आहे. हर्सूलकडून मातीच्या नळांतून आणलेल्या पाण्यावर तिथे फकीर आणि वाटसरूंसाठी दळण होई. पण ती शहरातली. आपले बहुतेक ओढे होळीपर्यंत कोरडे पडतात, त्यांच्या भरवशावर वर्षभराचं दळण कसं चालणार? ते ओझं बायकांच्या दंडांवर राहिलं. आपल्या जात्यावरच्या ओव्या भल्या पहाटेच्या त्या कष्टांतून आल्या आहेत, हे त्यांचं कौतुक करताना आपण फार लवकर विसरतो.

पहाडात पुढे डिझेलच्या आणि विजेच्या गिरण्या आल्या, झऱ्यांचं पाणी घटलं, काही घराट पुरात गेले. जे टिकले, त्यांतल्या काहींना आता लोखंडी पाती बसवली आहेत. दिवसा त्यांवर दळण होतं आणि रात्री त्याच चाकावर थोडी वीज तयार होते.