फेझंटसाठी कोणतं काडतूस, कोणता चोक?

साउथ डकोटातल्या गवताळ रानाबद्दलचा मागचा भाग झाला आणि त्यानंतर तुम्ही सगळ्यात जास्त विचारलंत ते हेच, की फेझंटच्या शिकारीला काडतूस कोणतं घ्यायचं आणि नळीला चोक कोणता लावायचा. तेव्हा आजचा भाग फक्त त्याचा. कुत्रे, कपडे, राहण्याची सोय यांतलं आज काही नाही.

एक गोष्ट आधी. आपले निम्मे श्रोते महाराष्ट्रात आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकार बंद आहे, आणि ते योग्यच आहे. आपला मोर, सह्याद्रीतला राखी रानकोंबडा, हिमालयातला मोनाल, हे सगळे या फेझंटचे भाऊबंद. ते बघायचे आणि सोडून द्यायचे. मी बोलतोय ते अमेरिकेतल्या परवान्याच्या शिकारीबद्दल. आणि इथे एच-वन-बीवर आलेल्यांनी एक लक्षात ठेवा: तुमच्या व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे, आणि त्यातून सुटायचे जे थोडे अपवाद आहेत त्यांत वैध शिकार परवाना हा एक. म्हणून आधी परवाना, मग दुकान. ‘मित्राची बंदूक जरा हातात धरली’ ही सबब चालत नाही.

आता पक्षी. गळ्याला पांढरा पट्टा असलेला हा फेझंट मूळचा अमेरिकेचा नाही, आशियातला. शांघायमधले अमेरिकन वकील ओवेन डेनी यांनी १८८१-८२च्या सुमारास तो चीनमधून ऑरेगनला पाठवला, आणि तिथे तो रुजला. साउथ डकोटात पहिली शिकार १९१९ साली, एका स्पिंक काउंटीत, एका दिवसापुरती झाली. आज तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. मारायचा फक्त नर, दिवसाला तीन. मादीला हात लावायचा नाही. नर ओळखायला सोपा, लांब शेपटी आणि उडताना कर्कश ओरडणं. पण सूर्य समोर असेल तर दोन्ही काळेच दिसतात, आणि तेव्हा बार काढायचा नाही.

छर्रे आणि चोक यांचा एवढा काथ्याकूट का करायचा? कारण फेझंट चिवट असतो. बटेर चार छर्ऱ्यांनी खाली येईल, हा नर येत नाही. पंख मोडला तर खाली पडतो आणि उठून पळत सुटतो, आणि असा पळतो की पाणकणसात शिरला म्हणजे चांगला कुत्रासुद्धा तासभर हुंगत बसतो. सापडला नाही तर तो रात्रभर तिथेच तडफडणार. मी तर न सापडलेला पक्षीही माझ्या तीनांत मोजतो. तेव्हा काडतुसाचा प्रश्न हा ‘जास्त पक्षी कसे मिळतील’ असा नाहीच. पडला तो जागेवर मेलेला असावा, एवढाच आहे.

आपण ज्याला बारा बोर म्हणतो त्याला इथे ट्वेल्व्ह गेज म्हणतात. अर्थ जुनाच: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एका गोळीची जी जाडी, ती नळीची आतली जाडी. साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गेजची नळी अर्थातच बारीक. दोन्ही चालतात, वीस हलकी, दिवसभर चालायला बरी. पण नवीन माणसाला मी बारा सांगतो, कारण त्यात छर्रे जास्त बसतात आणि काडतुसं कुठेही मिळतात.

कोकणात ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली असेल त्यांना हा विषय समजायला सोपा जाईल. तिथे माणूस दारू किती, छर्रे किती आणि कुठले, हे स्वतः मोजून ठासायचा. इथे तेच कारखान्यात होतं आणि खोक्यावर छापलं जातं. वाचायला शिकलात की झालं. खोक्यावर काडतुसाची लांबी असते, बहुतेक पावणेतीन इंच. मग छर्ऱ्यांचं वजन औंसात. मग वेग, सेकंदाला किती फूट. आणि शेवटी छर्ऱ्याचा नंबर. हा नंबर उलटा चालतो: नंबर मोठा तर छर्रा बारीक. एक सोपी युक्ती आहे. सतरातून नंबर वजा करा, येईल तितके शतांश इंच छर्ऱ्याची जाडी. पाच नंबर म्हणजे बारा शतांश इंच, तीन मिलिमीटरला थोडा वर.

शिशाचे छर्रे असतील तर एका औंसात सहा नंबरचे साधारण २२५ बसतात, पाचचे १७०, चारचे १३५. साडेसात नंबरचे ३५०, पण ते कबुतरांना आणि मातीच्या तबकड्यांना. फेझंटला साडेसात लावू नका, दुकानात कितीही स्वस्त असो. पिसांचा थर जाड असतो आणि आपल्यासमोरून उठलेला पक्षी पाठ करून लांब जात असतो. म्हणजे छर्ऱ्याला मागून शिरून काळजापर्यंत पोचायचंय. बारीक छर्रा वाटेतच दम तोडतो.

माझं मत विचाराल तर सव्वा औंस, पाच नंबर. म्हणजे २१२च्या आसपास छर्रे. पाच मिळत नसेल, आणि बऱ्याच दुकानांत मिळत नाही, तर हंगामाच्या सुरुवातीला सहा आणि थंडी पडल्यावर चार. तांब्याचा किंवा निकेलचा मुलामा दिलेले छर्रे महाग, पण ते नळीतून जाताना कमी चेपतात, आणि न चेपलेला छर्रा सरळ जातो. पैसे घालायचे तर तिथे घाला. वेगावर नको. तेराशे फूट पुष्कळ झाले. पंधराशेवालं शिशाचं काडतूस खांदा तेवढा शेकून काढतं आणि बऱ्याचदा छर्रेही जास्त विखुरतं.

आता चोक. बागेतल्या पाइपच्या तोंडावर अंगठा ठेवून धार लांबवतो ना, तसा प्रकार. नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, आणि हल्ली ते आवळणारं नळकांडं स्क्रूसारखं बसवता-काढता येतं. इम्प्रूव्ह्ड सिलिंडर म्हणजे पाव मिलिमीटर आवळलेलं, मॉडिफाइड अर्धा, फुल जवळजवळ एक. फरक इतका बारीक, पण परिणाम बघा. चाळीस यार्डांवर, यार्ड म्हणजे आपला जुना वार, तीस इंच व्यासाच्या वर्तुळात इम्प्रूव्ह्ड सिलिंडर निम्मे छर्रे टाकतो, मॉडिफाइड साठ टक्के, फुल सत्तर.

फुल चांगला वाटतो ना ऐकायला? पण ऑक्टोबरात कुत्रा पक्ष्याला अगदी नाकाशी धरून उभा राहतो, पक्षी उठतो तो पायाखालून, आणि बार निघतो तेव्हा तो वीस-पंचवीस यार्डांवर असतो. तिथे फुल चोकचे छर्रे ताटाएवढ्या जागेत जातात. एक तर तुम्ही चुकणार, नाही तर लागला तर त्याचा खिमा होणार. खायला काय राहिलं मग? त्यामुळे ऑक्टोबरात इम्प्रूव्ह्ड सिलिंडर. डिसेंबरात मका कापून गेलेला असतो, उरलेले नर शहाणे झालेले असतात, मोटारीचं दार आपटलं तरी शेताच्या पलीकडच्या टोकाने उडतात. तेव्हा मॉडिफाइड. दुनळी असेल तर प्रश्नच मिटला: पहिल्या नळीला सैल, दुसरीला घट्ट, कारण दुसऱ्या बाराला पक्षी लांब गेलेला असतो. (पक्ष्यांसाठी शेताच्या कडेला मायलो पेरतात. बघायला जाल तर ती आपली ज्वारी निघते! मला दरवेळी हुरडा आठवतो.)

पण हे सगळे आकडे कागदावरचे. प्रत्येक बंदुकीचं आणि प्रत्येक काडतुसाचं जमतंच असं नाही. म्हणून हंगामाआधी एक सकाळ काढा. तपकिरी कागदाचा चार फूट रुंद तुकडा ताणून बांधा, चाळीस यार्ड मोजा, मध्यावर नेम धरून एक बार. मग जिथे भोकं दाट आहेत तिथे तीस इंचांचं वर्तुळ काढून भोकं मोजा. पाच नंबरच्या सव्वा औंसाला मॉडिफाइडमधून सव्वाशेच्या आसपास यायला हवीत. एका कागदावर भरवसा नको, तीन-चार मारा. नुसती भोकं मोजून थांबू नका, वर्तुळात मोकळ्या जागा कुठे आहेत ते बघा. पक्ष्याएवढी मोकळी जागा दिसली तर काडतूस बदला. आणि दाट भाग नेमाच्या डावीकडे-उजवीकडे पडत असेल तर दोष काडतुसाचा नाही, बंदूक खांद्याला नीट बसत नाही. मग हाच कागद पंचवीस यार्डांवर लावून बघा. कंटाळवाणं काम आहे, कबूल. पण आपल्याला किती लांबून मारायचा हक्क आहे ते हा कागदच सांगतो. माझ्या हातातली बंदूक पस्तीसपर्यंत खात्रीची आहे, त्यापुढचा नर मी जाऊ देतो.

आता स्टील. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे अमेरिकेत १९९१पासून बंद आहेत, कारण तळ्यात पडलेलं शिसं बदकं टिपतात आणि विषबाधेने मरतात. फेझंटला खाजगी शेतात शिसं चालतं, पण केंद्र सरकारच्या पाणपक्षी-क्षेत्रांवर बिनविषारी छर्रेच लागतात, आणि राज्याच्या बहुतेक शिकार-जमिनींवरही. राज्याची पुस्तिका दरवर्षी वाचा. स्टील शिशापेक्षा बरंच हलकं असल्याने लवकर मंदावतं, म्हणून छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा: शिशाचा पाच तर स्टीलचा तीन, चार तर दोन. आणि इथे मात्र वेग थोडा जास्त हवा. स्टील चेपत नाही, त्यामुळे आपोआप दाट पडतं. म्हणून चोक एक पायरी सैल. फुल चोकमधून मोठे स्टील छर्रे मारू नका. आणि आजोबांच्या जुन्या दुनळीतून तर नकोच, तिच्या नळ्या मऊ लोखंडाच्या असतात. बिस्मथ वापरता येतं, पण खिसा हलका होतो.

दोन गोष्टी राहिल्या. लांबून आडवा जाणारा फेझंट ताशी चाळीस मैलांनी उडत असेल तर छर्रे चाळीस यार्ड कापेपर्यंत तो सात-साडेसात फूट पुढे सरकलेला असतो. आपली नजर त्या लांब शेपटीवर अडकते आणि बार मागे जातो. गळ्याचा पांढरा पट्टा शोधा आणि त्याच्याही पुढे राहा.

दुसरी गोष्ट, घरात बारा आणि वीस दोन्ही बंदुका असतील तर काडतुसं एका पिशवीत कधीच टाकू नका. विसाचं काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे जाऊन अडकतं. नळी रिकामी वाटते, माणूस मागे बाराचं घालतो, आणि नळी फुटते, डाव्या हाताजवळ. म्हणूनच विसाची काडतुसं पिवळी करतात. रांगेतून चालताना कुणाच्या खिशात पिवळं आणि लाल दोन्ही दिसलं तर लगेच थांबवा, मग तो वयाने कितीही मोठा असो.

पुढच्या भागात कुत्र्यांबद्दल. तुमच्या बंदुकीचे कागदावरचे आकडे काय आले ते मात्र मला कळवा, चोक आणि काडतूस दोन्ही लिहून. भेटू.