कुरणशाळेच्या वाटेने संगणकाकडे



ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पुढे ते कोसबाडला नेले. गुरे राखणारे मूल शाळेत येत नाही, म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली. याच जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर संगणक न्यायचा, तर वाट तीच आहे.

मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ विनामूल्य आहेत. साधारण १० मिनिटांचा एकेक पाठ. निवेदन मराठीत, पडद्यावरची अक्षरे मात्र इंग्रजीच, कारण नोकरीत गाठ त्यांच्याशीच पडणार. पाठ एकदा उतरवून घेतला की इंटरनेटवाचून चालतो. डोंगराआड रेंज हरवणाऱ्या गावी ही सोय लहान नव्हे. शिकवल्या जाणाऱ्या प्रणालीही बहुतांशी मुक्त, म्हणजे परवान्याचा खर्च नाही.

परंतु एकटा बसलेला मुलगा पहिल्याच चुकीपाशी अडतो. दिवाळीनंतर घरचे वीटभट्टीवर निघाले की अभ्यास सुटतोच. म्हणून चौघांनी एका संगणकाभोवती बसावे. पुढे गेलेल्याने मागच्याला शिकवावे. आपल्या घरांतून या क्षेत्रात गेलेली मुले पुष्कळ आहेत. जुना संगणक देणगी देऊन ती मोकळी होतात. हवा आहे तो त्यांचा रविवारचा एक तास, दूरध्वनीवरून का होईना, या चौघांची अडलेली ओळ सोडवून देण्यासाठी.