राह खार्नची सत्तावीस घरे



आज आम्ही तुम्हांला एका लहानशा गावाची हकीकत सांगणार आहोत. गाव आयर्लंडात, मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या खोऱ्यात. नाव राह खार्न. सभोवार सगळे इंग्रजी बोलतात आणि हे गाव आयरिश बोलते. त्यात काय मोठंसं, असं म्हणाल. पण ही माणसे तिथली नव्हेतच!

ती पश्चिमेच्या कॉनेमाराची. तिथे नुसता खडक. समुद्रातलं शेवाळ वाहून आणायचं, खडकावर पसरायचं आणि त्यात बटाटा लावायचा. घरात आयरिश, पण पोरगा पोटासाठी बोस्टनला नाहीतर इंग्लंडात गेला, की घरही सुटे आणि भाषाही. पोटामागे गाव सोडणं म्हणजे काय, ते गिरणीत आलेल्यांना आम्ही काय सांगावं! सरकार मात्र त्या भाषेचे गोडवे गात होते. गोडव्यांवर चूल पेटते होय?

तेव्हा 1934 साली कॉनेमाराची काही माणसे सायकली हाणत थेट डब्लिनला गेली. मागणी एकच: आम्हांला जमीन द्या. मार्टिन ओ काइन हा शाळामास्तर या चळवळीत पुढे होता. पुढे तो नामांकित कादंबरीकार झाला. 1935 साली 27 कुटुंबे मीथमध्ये आली. प्रत्येकाला घर आणि सुमारे 22 एकर जमीन. जमीन कसली, लोणीच! आसपासच्या लोकांना ते रुचले नाही. त्यांनाही जमीन हवी होती, हेही आपण ध्यानात घेतले पाहिजे.

जवळच बाले गिब म्हणून दुसरी वसाहत 1937 साली झाली. तिथे निरनिराळ्या परगण्यांतली कुटुंबे एकत्र आणली. एकाची बोली दुसऱ्याला नीट उमगेना, मग आपसांत इंग्रजी सुरू झाली. राह खार्नची माणसे एकाच मुलखातली, एकाच बोलीची. म्हणून तिथे आयरिश टिकली.

पण टिकली तरी कागदावर कुठे होती? आयरिशभाषक प्रदेश म्हणून त्यांना सरकारी मान्यता नव्हती, म्हणून त्या प्रदेशांच्या सवलतीही नव्हत्या. बत्तीस वर्षे! लोक पुन्हा उठले, भांडले, आणि 1967 साली मान्यता घेतली. 1973 साली त्यांनी आपली सहकारी संस्था काढली. गावात आता प्राथमिक आणि माध्यमिक, दोन्ही शाळा आयरिशमधून चालतात; सायकलवाल्यांची नातवंडे-पतवंडे तिथे गणितसुद्धा आयरिशमध्येच शिकतात.