तारापूरच्या जाळीपाशी चार तासांची नोंद

समुद्रकाठच्या अणुवीज केंद्रांची चर्चा महाराष्ट्रात बहुधा किरणोत्सर्गापासून सुरू होते आणि विस्थापितांच्या पुनर्वसनापाशी थांबते. या दोन्ही प्रश्नांचे महत्त्व जराही कमी न लेखता प्रस्तुत व्याख्यान तिसऱ्याच प्रश्नाकडे वळते, तो असा की केंद्राच्या यंत्रणेत एखादा संरक्षित वन्यजीव जखमी झाला किंवा मेला, तर ती गोष्ट कोणी, कोणाला आणि किती वेळात कळवायची. व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘तारापूर ते जैतापूर’ असा विषय छापलेला असला, तरी या व्याख्यानामागची धारणा आरंभीच सांगून टाकणे बरे: हानी कळवण्याचे कर्तव्य स्वतः केंद्राचे असावे, ते काही तासांत पार पडावे आणि कळवलेले जनतेला वाचता यावे. समुद्री कासव वाचवण्याचे बाकीचे सगळे उपाय या एका कर्तव्याच्या आधारानेच उभे राहू शकतात.

तारापूरचा इतिहास प्रभादेवीच्या या सभागृहातील श्रोत्यांना नव्याने सांगण्याची गरज नाही. २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागलेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या, २००५ आणि २००६ मध्ये त्यांना येऊन मिळालेल्या प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन, त्यांच्यासाठी उठवलेली अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे, हे सारे परिचयाचे आहे. विषयासाठी हवी ती एवढीच गोष्ट, की अणुभट्टीतील उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णतेचीच वीज होते आणि उरलेली कोठेतरी सोडावी लागते. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या उपकरणाला संघनक म्हणतात. तारापूरला हा संघनक थंड ठेवण्यासाठी अरबी समुद्राचे पाणी आत घेतले जाते आणि तापून समुद्रातच परत जाते.

अशा केंद्रांत पाणी आत येते त्या मुखाशी सामान्यतः दोन अडसर असतात. पहिला जाड लोखंडी गजांचा. ओंडके, तुटकी जाळी, प्लॅस्टिक, शेवाळाचे भारे तो अडवतो आणि साचलेला कचरा यांत्रिक दाताळ्याने वेळोवेळी वर ओढला जातो. दुसरा अडसर म्हणजे पट्ट्यासारखी वर सरकत राहणारी बारीक जाळी, जिच्यावर चिकटलेले मासे आणि कोळंबी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन बाजूच्या पन्हाळीत पाडली जातात. जीव जाळीवर दाबला जाणे आणि अंडी-पिल्ले छिद्रांतून आत ओढली जाणे, या दोन हानी अभ्यासक वेगळ्या मोजतात. समुद्री कासवाची गोष्ट पहिल्या प्रकारात मोडते, कारण ते फुप्फुसांनी श्वास घेते, आणि प्रवाहाच्या दाबाने गजांना टेकून राहिलेल्या कासवाला वर येता आले नाही, तर समुद्रात जन्मभर पोहणारा हा प्राणी बुडून मरतो.

बुडालेले कासव पुष्कळदा मेलेले वाटते, पण मेलेले नसते. अमेरिकेच्या मत्स्य खात्याने मच्छीमारांना दिलेल्या सूचनांनुसार असे निपचित कासव पोटावर ठेवून त्याचा मागचा भाग किमान १५ सेंटीमीटर उंच करावा, म्हणजे फुप्फुसांतले पाणी निथळते. अंगावर ओले फडके घालून त्याला सावलीत ठेवावे, अधूनमधून पापणीला हलका स्पर्श करून आणि शेपटीला चिमटा काढून प्रतिसाद पाहावा, आणि ही देखरेख चार ते चोवीस तास चालू ठेवावी. शुद्धीवर येण्याआधी ते पाण्यात सोडले तर पुन्हा बुडते. तेव्हा दाताळ्याबरोबर वर आलेले, मान टाकलेले कासव कचऱ्याच्या ढिगावर पडते की ओल्या फडक्याखाली, हे त्या पाळीवरच्या कामगाराला कोणी काय शिकवले आहे आणि त्याने कोणाला फोन करायचा आहे, यावर ठरते. डहाणूला वन विभाग आणि स्थानिक स्वयंसेवक मिळून चालवतात ते कासव उपचार केंद्र तारापूरच्याच किनाऱ्यावर, उत्तरेला आहे. पावसाळ्यात पालघरच्या किनाऱ्याला लागणारी, टाकून दिलेल्या जाळ्यांनी वल्ह्यांसारखे पाय कापले गेलेली कासवे तेथे बरी केली जातात.

या टप्प्यावर मागच्या रांगेतून ‘कासवाकडे आत जायचा पास होता का?’ असा प्रश्न आला आणि सभागृहात हशा पिकला. प्रश्न विनोदाने विचारलेला असला तरी विषयाचा गाभा त्यातच आहे. सातपाटीच्या किनाऱ्यावर कासव लागले, तर ते पाहणारा कोळीवाड्यातला कोणताही पोरगा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करू शकतो. परंतु अणुवीज केंद्राच्या कुंपणाआड, पाण्याच्या मुखाशी, मच्छीमार उभा राहू शकत नाही, वनरक्षक फेरी मारू शकत नाही आणि पत्रकाराला तर प्रश्नच नाही. सुरक्षेसाठी हा निर्बंध आवश्यक आहे. मात्र जेथे बाहेरचा साक्षीदार असूच शकत नाही, तेथे साक्ष देण्याची जबाबदारी आतल्यावर येते, आणि ती त्याच्या मर्जीवर सोडून चालत नाही.

अमेरिकेत ही जबाबदारी नियमात लिहिलेली आहे. तेथील अणुनियामक आयोगाच्या नियमांनुसार, पर्यावरणाच्या रक्षणाशी संबंधित एखादी घटना केंद्राने दुसऱ्या सरकारी खात्याला कळवली किंवा कळवायची ठरवली, तर तीच घटना चार तासांच्या आत आयोगालाही कळवावी लागते, आणि आयोग अशा सूचना जनतेसाठी प्रसिद्ध करतो. फ्लोरिडातील हचिन्सन बेटावर १९७६ पासून चालू असलेले सेंट लुसी केंद्र याचे ठळक उदाहरण आहे. तेथे किनाऱ्यापासून सुमारे ३६५ मीटर आत बसवलेल्या मोठ्या नळांतून पाणी कालव्यात येते आणि त्याबरोबर कासवेही येतात; कालव्यावर आडवे जाळे टाकलेले असते, जीवशास्त्रज्ञ कासवे पकडतात, मोजतात, त्यांच्या पायाला क्रमांकाची पट्टी लावतात आणि त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. आजवर अशी हजारो कासवे परत गेली आहेत. एखादे मेलेले सापडले तर राज्याच्या वन्यजीव खात्याला आणि अणुनियामक आयोगाला कळवले जाते, आणि ते कोणत्या जातीचे होते हे कोणालाही वाचता येते.

या व्यवस्थेचा आधार १९७३ च्या तेथील संकटग्रस्त प्रजाती कायद्यात आहे, ज्यात अनुषंगिक हानी नावाची एक कोटी मानलेली आहे. वैध काम करताना, हेतू नसताना झालेली हानी, असा तिचा अर्थ. मत्स्य खाते प्रत्येक केंद्रासाठी जातवार मर्यादा ठरवून देते, आणि ती ओलांडली गेली तर केंद्राला टाळे लागत नाही, तर मत्स्य खाते आणि अणुनियामक आयोग पुन्हा विचारविनिमयाला बसतात: जाळीचे गज बदलावेत का, देखरेखीच्या फेऱ्या वाढवाव्यात का. नोंद नसेल तर हा विचारविनिमय कधी सुरू करायचा हेच ठरत नाही.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधणे भाग आहे. जून २०११ मध्ये स्कॉटलंडमधील टॉर्नेस केंद्र आणि ऑगस्ट २०२५ मध्ये फ्रान्समधील ग्रावलिन केंद्राच्या चार अणुभट्ट्या जेलीफिशच्या थव्यांनी जाळ्या तुंबवल्यामुळे बंद पडल्या आणि ती बातमी जगभर गेली, कारण वीज थांबली होती. त्याच जेलीफिशवर जगणारे चामडपाठी कासव त्याच जाळीला लागून मेले तर वीज थांबत नाही, म्हणून बातमी होत नाही. यंत्राला त्रास देणारा जीव आपोआप नोंदला जातो. यंत्रामुळे त्रास होणाऱ्या जीवासाठी मात्र नियम लिहावा लागतो.

पहिल्या दोन रांगांत अणुऊर्जा खात्यात उमेदीची वर्षे घालवलेली काही मंडळी बसली आहेत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता समजण्याजोगी आहे. तारापूरवर आरोप करण्यासाठी हे व्याख्यान योजलेले नाही. उलट, पाळीगणिक प्रत्येक दाब, प्रत्येक तापमान वहीत उतरवण्याची जी शिस्त या खात्याने रुजवली, तिच्याविषयी पूर्ण आदर बाळगूनच ही मागणी केली जात आहे. १५ नोव्हेंबर १९८३ रोजी स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे केंद्रे महत्त्वाच्या घटनांचे अहवाल पाठवतात. घटनांची तीव्रता शून्य ते सात अशा आंतरराष्ट्रीय श्रेणीवर ठरते. केंद्राशेजारची पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा पाणी, मासे, दूध यांतील किरणोत्सर्ग मोजते. परंतु ही सारी चौकट अणुभट्टीची सुरक्षितता आणि किरणोत्सर्ग यांभोवती आखलेली आहे. त्या श्रेणीवर बुडून मेलेल्या कासवाला शून्याचीही जागा नाही.

अडचण दुसऱ्या बाजूनेही आहे, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात समुद्री कासवे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत, आणि शिकारीच्या व्याख्येत मारणे, पकडणे, जखमी करणे हे सर्व येते. मात्र हेतूविना यंत्राकडून होणाऱ्या हानीसाठी मर्यादा आणि नोंद यांची अमेरिकेसारखी व्यवस्था त्या कायद्यात नाही. परिणामी, कळवणे म्हणजे गुन्हा ओढवून घेणे, अशी भीती कोणत्याही अधिकाऱ्याला वाटू शकते. त्यातच १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने केंद्रांविषयीची माहिती रोखण्याचा अधिकार सरकारला दिला, आणि त्यातून लागलेली गप्प राहण्याची सवय २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानंतरही पुरती सुटलेली नाही.

ही भीती दूर करता येते, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने योजना आणली, की जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा नावाने ओळखला जाणारा देवमुशी सोडवण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापले आणि त्याचे छायाचित्र किंवा चित्रफीत सादर केली, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. ज्याच्याकडून हानी होऊ शकते त्यालाच शासनाने साक्षीदार केले, आणि कळवणाऱ्याला शिक्षेऐवजी मोबदला दिला. हातावर पोट असलेल्या कोळ्याकडून पुराव्यासह नोंद अपेक्षिली जाते. मग किनाऱ्यावरच्या सर्वांत मोठ्या पाणी खेचणाऱ्या आस्थापनांकडून ती का अपेक्षू नये? परळ-लालबागच्या गिरण्यांत ज्यांचे वडील-आजोबा राबले, त्यांना आठवत असेल की १९४८ च्या कारखाना कायद्याने कामगाराच्या अपघाताची सूचना निरीक्षकाला देणे मालकावर बंधनकारक केले. ती सूचना दिल्याने कोणी मालक खुनी ठरला नाही, पण उघड्या पट्ट्याला आडोसा हवा ही गोष्ट निरीक्षकाला ठामपणे सांगता आली.

याच सभागृहापासून फार दूर नसलेल्या वरळीचेही उदाहरण पाहावे. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या अवघ्या १८ वसाहती आढळल्या. प्रवाळही पहिल्या अनुसूचीत असल्याने वन विभागाची परवानगी घेऊन २०२० मध्ये त्या मोजून, उचलून दुसरीकडे लावल्या गेल्या. त्यांचे पुढे काय झाले यावर वाद घालता येतो, आणि वाद घालता येतो तो त्या मोजल्या होत्या म्हणूनच.

नोंदीची ताकद किती, याचा सर्वांत सुंदर दाखला गुहागरचा आहे, आणि त्याला ठरल्यापेक्षा थोडा अधिक वेळ दिल्याबद्दल संयोजक क्षमा करतील. २७ जानेवारी २०२५ च्या रात्री गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलेल्या ऑलिव्ह रिडले जातीच्या एका कासव मादीच्या पुढच्या पायावर धातूची पट्टी दिसली. तिच्यावर ०३२३३ हा क्रमांक होता. विचारपूस झाली तेव्हा कळले की २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ती पट्टी लावली होती. म्हणजे बंगालच्या उपसागरातून द्वीपकल्पाला वळसा घालून, अंदाजे ३,५०० किलोमीटर अंतर कापून ती कोकणात उतरली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगळी, असे मानले जात होते. त्या समजाला पाच आकड्यांनी धक्का दिला. २००२ पासून वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि पुढे किनाऱ्याकिनाऱ्यावर कासवमित्र उभे राहिले, म्हणून त्या रात्री पट्टी वाचणारा माणूस तेथे हजर होता. हीच मादी एखाद्या केंद्राच्या गजांवर अडकून कचऱ्याबरोबर वर आली असती आणि पट्टी कोणी वाचली नसती, तर ओडिशा आणि गुहागर यांचा संबंध कोणालाही कळला नसता. म्हणून मेलेल्या कासवाचीही नोंद हवी: जात, लांबी, नर की मादी, ताजे की कुजलेले, पट्टी असल्यास क्रमांक. इतके एका कागदावर मावते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी व्यासपीठावर आली आहे, त्यामुळे जैतापूरविषयी योजलेला भाग आटोपता घ्यावा लागत आहे. ९,९०० मेगावॉटच्या त्या प्रकल्पाला २८ नोव्हेंबर २०१० रोजी ३५ अटींसह पर्यावरणीय मंजुरी देण्यात आली, एवढे श्रोत्यांना ठाऊक आहेच. तारापूरला जी गोष्ट चालू यंत्रात मागाहून बसवावी लागेल, ती जैतापूर प्रकल्पाच्या जागी, माडबनला, आराखड्यातच घालता येते. नळाच्या उभ्या तोंडावर झाकण बसवले की पाणी वरून न ओढले जाता आडवे आत शिरते. आडवा प्रवाह माशांना जाणवतो आणि ते दूर जाऊ शकतात, हे अनेक देशांत वापरलेले तंत्र आहे. गजांमधील अंतर, प्रवाहाचा वेग आणि दाताळ्यापाशी माणसाला उभे राहून पाहता येईल असा ओटा, हे तिन्ही बांधकामाआधी ठरवायचे असते. त्याबरोबर नियामक मंडळ आणि राज्याच्या वन विभागाचा कांदळवन कक्ष यांनी एकत्र बसून एक पानाचा नमुना तयार करावा, चार तासांत तो दोन्हीकडे पोहोचावा, पंधरवड्यातून एकदा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर मराठीत लागावा, आणि ज्या कामगाराने कासव ओल्या फडक्याखाली ठेवले त्याच्या सेवापुस्तकात तशी प्रशंसा लिहिली जावी. तारापूरला हे सुरू करण्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. केंद्र संचालकांचा एक आदेश आणि डहाणूच्या उपचार केंद्राचा दूरध्वनी क्रमांक पाळीच्या खोलीत लावणे, एवढ्यावर येत्या पावसाळ्याआधी आरंभ होऊ शकतो.