रोजचा अध्याय आणि हातातला मोबाईल

पवित्र शास्त्र रोज वाचावे, ही शिकवण ख्रिस्ती घरात अक्षरओळखीबरोबरच मिळते. ती कुणी नाकारीत नाही. पण आज सकाळी डोळे उघडल्याबरोबर आपला हात प्रथम कोठे गेला, याचे उत्तर मनातल्या मनात देऊन पाहा. पुष्कळांचा मोबाईलकडेच गेला असेल. व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप, फेसबुकवरचे फोटो, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या निधनाची बातमी. हे पाहता पाहता अर्धा तास जातो. मग आंघोळीची घाई, डब्याची घाई, आणि अध्याय तेवढा राहून जातो.

याचा सगळा दोष यंत्राच्या माथी मारू नये. २०२० साली टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती, तेव्हा याच यंत्राने उपासना घरोघर पोचवली. बारीक अक्षर न दिसणारी वृद्ध माणसे आज अक्षर मोठे करून शास्त्र वाचतात, नाहीतर कानांनी ऐकतात. मग अडते कोठे?

अडते ते मापाशी. अध्यायाला शेवट असतो. फेसबुकच्या पानाला तळ नाही. बोटाने वर सारावे, की खालून नवे येते; त्याची रचनाच तशी आहे. ‘आता पुरे’ असे ते होऊन कधी म्हणणार नाही. ते आपणच म्हणायचे असते.

निर्गमाच्या सोळाव्या अध्यायातली मान्नाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. अरण्यात लोकांनी रोज सकाळी माणशी ठरलेले माप गोळा करायचे, उद्यासाठी ठेवायचे नाही. शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट. काहींनी न ऐकता शिल्लक ठेवले, त्यात किडे पडले. रोजचे अन्न रोजच्या मापाने, हा त्यातला धडा. शास्त्रवाचनालाही तोच लागू पडतो.

कुणी म्हणेल, “अहो, मला तर रोज दहा वचने मोबाईलवर येतात, मी ती पुढेही धाडतो!” चांगले आहे; पण ते वाचन नव्हे. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन घ्या. देवाच्या मनात आपल्या हिताचे संकल्प आहेत, अशा अर्थाचे हे वचन फुलांच्या चित्रावर छापून सर्वत्र फिरते. ते ज्या पत्रात आहे, ते बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांना लिहिलेले. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, असे ते सांगते. आणि अगोदरच्याच वचनात मुदत दिली आहे सत्तर वर्षांची! पत्र ऐकणाऱ्यांतले कित्येक सुटकेचा दिवस पाहणार नव्हते. एवढे कळले, म्हणजे त्या आशेचे वजन कळते. सुटे वचन गोड लागते, पण सबंध अध्याय संकटात उपयोगी पडतो.

आपल्या मराठीत हा ग्रंथ फुकट आलेला नाही. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून, साध्यासुध्या बायाबापड्यांना समजावे म्हणून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. केडगावच्या मुक्ती सदनातल्या स्त्रियांनी त्याचे खिळे जुळवले. ते काम हातावेगळे करून १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांनी देह ठेवला. ज्यांच्यासाठी एवढे कष्ट झाले, त्यांच्याच घरात ग्रंथ कपाटात मिटलेला राहावा काय?

तेव्हा माप ठरवावे, आणि ते लहान ठरवावे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस, दिवसाला एक, म्हणजे बावन्न आठवड्यांत तो पुरा होतो. शनिवार-रविवार मोकळे राहतात. इतकेही जड वाटले तर मार्कच्या शुभवर्तमानापासून आरंभ करा. सोळाच अध्याय आहेत. सावकाश, मोठ्याने वाचले तरी एका अध्यायाला आठ-दहा मिनिटे पुरतात. घरात मुले असतील तर त्यांनाही आळीपाळीने वाचू द्या.

दुसरे, क्रम ठरवावा: आधी अध्याय, मग निरोप. रात्री मोबाईल बाहेरच्या खोलीत ठेवावा आणि उशाशी ग्रंथ असावा. मोबाईलवरच वाचणार असाल, तर तेवढा वेळ निरोपांची घंटी बंद करा. वचन कुणाला पाठवायचेच झाले, तर त्याचा अध्याय स्वतः वाचून मग पाठवा. एखादा दिवस चुकला, तर चुकलेल्याचे कर्ज डोक्यावर घेऊ नका. दुसऱ्या दिवशी पुढचे पान उघडा. थकबाकी फेडण्याच्या नादात पुष्कळांचे वाचन कायमचे सुटते.

वाचन झाले, की मोबाईल खुशाल हातात घ्या. एखाद्या आजारी बहिणीची विचारपूस करा, परगावच्या मुलाशी बोला. सकाळी वाचलेले त्या बोलण्यात आपोआप उतरेल. उद्या सकाळी निरोप पाहण्यापूर्वी मार्कचा पहिला अध्याय उघडा, एवढीच विनंती.